अण्णांच्या लाल डोळ्याचं निमित्त

कॉव्हेंट्री, इंग्लंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

आई-अण्णांना साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, पिंकी आणि सोन्याला लाड.

व्हॉइस नोटच टाकणार होतो, पण दोन मिनिटांच्या वर गेली की तुमच्यातलं कुणी ऐकत नाही, नुसता अंगठा टाकून मोकळे होता, म्हणून आज बसून टाईपच करायलोय. इथं चार वाजताच अंधार पडलाय, भुरभुर चालू आहे, पोरं त्यांच्या आईसोबत दुकानात गेलीत आणि घर शांत आहे. पिंकीला म्हणावं हे अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव, पण सावकाश, त्यांना घाईघाईनं वाचलेलं आवडत नाही. मधला एक तुकडा सोडायचा आहे, तो आला की मी सांगतो.

परवा व्हिडिओ कॉलवर अण्णांचा डावा डोळा बघून माझ्या पोटात गोळाच आला. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्यात कुंकू सांडल्यासारखं लालभडक. आणि तिकडं तुमची सभा भरलेली, आई म्हणे उष्णता वाढलीय, वहिनी म्हणाल्या रात्री काहीतरी चावलं असेल, आणि शेजारचे काका तर डोळे आलेत म्हणून कॅमेऱ्यापासूनसुद्धा लांब उभे होते. मी त्या दिवशी नीट काही बोललो नाही कारण मलाच पुरतं माहीत नव्हतं. मग दोन दिवस वाचलं, इथं विचारलं, आता सांगतो.

तो डाग म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जी पातळ कातडी असते ना, तिच्याखालची एखादी बारीक नस फुटलेली असते. जोराचा खोकला आला, शिंका आल्या, पोतं उचललं, संडासला जोर लावला, एवढ्यानं पण फुटते. दुखत नाही, चिपाड येत नाही, दिसायला काही फरक पडत नाही. मुका मार लागल्यावर जसं हिरवं-पिवळं होत जातं तसं होऊन दहा-पंधरा दिवसांत जातं. औषध लागत नाही, त्यामुळं मेडिकलवाल्यानं दिलेले ड्रॉप टाकू नका, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि ते उगं टाकलं तर नवीनच दुखणं मागं लागतं. अण्णांचा डोळा दुखत असला, उजेड सहन होत नसला किंवा धूसर दिसत असलं तर मात्र लगेच दाखवा, मग ते हे नाही. एवढंच आहे की असा डाग दिसला की एकदा बीपी बघायचं, आणि परत परत व्हायला लागला तर नक्कीच.

म्हणजे ज्याच्यानं अख्खी आळी घाबरली ते काहीच नाही. पण त्या निमित्तानं मी सहज विचारलं, अण्णा बीपीची गोळी चालू आहे ना, आणि तिकडं सगळे एकदम गप झाले ना दादा, तिथंच मला कळलं. मग आईनं फोन हातात घेतला आणि म्हणली, दीड महिना झाला बंद करून. कामून बंद केली तर म्हणे पाय सुजायलेत, चप्पल घट्ट होतीय, आणि तसंही डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला खायची.

अण्णा, आता हे तुमच्यासाठी.

पाय सुजतात हे तुमचं खरं आहे. तुमची गोळी ॲम्लोडिपिनची आहे, आणि त्या गोळीनं काही जणांचे घोटे सुजतात, हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतं. पण त्याचा इलाज गोळी बंद करणं नाही, डॉक्टरला सांगून गोळी बदलणं किंवा डोस कमी-जास्त करणं आहे. माझंच बघा, मला इथं आधी रॅमिप्रिल दिली होती, तिच्यानं असा कोरडा खोकला लागला की ऑफिसात लोक माझ्याकडं वळून बघायचे. डॉक्टरला सांगितलं, तिनं लोसार्टन दिली, आठ-पंधरा दिवसांत खोकला गेला. गोळ्यांचे प्रकार लई आहेत अण्णा, सोयाबीनच्या वाणासारखे, एक नाही मानवलं तर दुसरं.

हो, मी पण खातो. हे मी तुम्हाला दीड वर्षापासून सांगितलेलं नव्हतं. आईनं रडायचं नाही.

झालं असं की मागच्या वर्षी मार्चमध्ये मला कॉम्प्युटरवरचं वाचायला त्रास व्हायला लागला, वय ४२, म्हणलं जवळचा नंबर आला असेल. इथं चष्म्याच्या दुकानात नंबर काढणारी जी बाई असते ती चांगली डिग्री घेतलेली असते, आणि नंबर काढायच्या आधी ती डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढते. मी हनुवटी टेकवून बसलो, लख्ख उजेड पडला, झालं. मग तिनं फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि गप बसली. मला म्हणली, तुम्ही बीपी शेवटचं कधी तपासलं होतं. मी म्हणलं बीपीचा काय संबंध, मी चष्म्यासाठी आलोय.

तो फोटो मी तुम्हाला पाठवतो, बघण्यासारखा आहे. नारंगी रंगाची गोल थाळी, तिच्यात एका बाजूला पिवळसर चकती, आणि त्या चकतीतून लाल नसा अशा फुटलेल्या की गुगल मॅपवर वरून बघितलेली सिंदफणा आणि तिला मिळणारे ओढे. त्या बाईनं मला सांगितलं की माणसाच्या अंगात कातडी न कापता, काही न टोचता रक्ताच्या नसा सरळ उघड्या बघता येतात अशी ही एक जागा. हे बघायचं पहिलं साधन जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं केलं, १८५१ साली त्यानं ते छापून जगाला सांगितलं, आणि पुढच्या आठ-दहा वर्षांतच मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या (त्या रोगात बीपी चढतं) पडद्यावर डॉक्टरांना खराबी दिसायला लागली. गंमत म्हणजे तेव्हा हाताला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र निघालंच नव्हतं, ते आलं १८९६ ला. म्हणजे बीपी मोजता यायच्या आधी त्याची खूण डोळ्यात दिसत होती.

माझ्या फोटोत बारीक लाल नसा जास्तच बारीक झाल्या होत्या, दोन ठिकाणी एका नसेनं दुसरीला चिमटा घेतल्यासारखं दिसत होतं, आणि उजव्या डोळ्यात ज्योतीच्या आकाराचा एक छोटा रक्ताचा डाग होता. मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं, हे लक्षात घ्या. बाईनं चिठ्ठी लिहिली आणि म्हणली आजच्या आज शेजारच्या फार्मसीत जा. इंग्लंडमध्ये ४० च्या पुढच्या माणसाचं बीपी फार्मसीत फुकट बघतात, २०२१ पासून. आलं १७२/१०६. फार्मसीवाल्या पोरानं पाच मिनिटं बसवून परत घेतलं, तेवढंच. मग २४ तासांचं मशीन कंबरेला बांधून घरी पाठवलं, दिवसा अर्ध्या तासाला पट्टा फुगायचा, रात्री तासाला, ती रात्र काही झोप झाली नाही. त्याचा रिपोर्ट बघून गोळी सुरू. लघवी, रक्त, ईसीजी सगळं केलं, ते ठीक निघालं देवाच्या कृपेनं.

आता अण्णा, हे आत नेमकं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही ठिबक चालवता.

फिल्टरजवळ पाण्याचं प्रेशर दाखवणारं गेज आहे. काटा जास्त चढला की तुम्ही बायपास सोडता, कामून सोडता, तर लॅटरल, म्हणजे ओळीतल्या बारक्या नळ्या, निसटतात, जॉइंट उडतात. मेन लाईनला काही होत नाही, ती जाड आहे, मार बसतो तो शेवटच्या बारक्या नळ्यांना. अंगात पण तसंच आहे. छातीतली मोठी नस दम धरते, पण डोळ्याच्या पडद्यातल्या, मेंदूतल्या, किडनीतल्या नसा केसासारख्या, प्रेशर वाढलं की आधी त्या स्वतःला आखडून घेतात, पुढच्या नाजूक भागाला मार बसू नये म्हणून. हे चार दिवस असतं तर बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं प्रेशर तसंच राहिलं की नसेची भिंत जाड आणि कडक होत जाते, आतली वाट अरुंद होते. उजेड टाकला की निरोगी नस लाल दिसते, कडक झालेली तांब्याच्या तारेसारखी चमकते, आणि त्याच्याही पुढं गेली तर चांदीच्या तारेसारखी. डॉक्टर लोक हेच शब्द वापरतात, मी मनानं नाही सांगत.

मी एक हिशोब केला, रिकामटेकडा धंदा, पण केला. १७० बीपी म्हणजे १७० मिलिमीटर पारा, आपल्या गेजच्या भाषेत ०.२३ किलो. ठिबक आपण एक किलोवर चालवतो. म्हणजे माझं वाढलेलं बीपी तुमच्या गेजवर लावलं असतं तर काटा जागचा नीट हललासुद्धा नसता! आणि तेवढ्यानं डोळ्यातली नस फुटते, यावरून समजा ती नस किती बारीक असेल.

पुढची पायरी म्हणजे गळती. भिंत खराब झाली की रक्त आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, त्याचे डाग पडतात, चरबीचे पिवळे कण साठतात. काही जागी रक्तच पोचत नाही, तिथं पांढरे भुरकट ठिपके दिसतात, त्यांना कापसाचे ठिपके म्हणतात. मी ते नाव वाचलं आणि मला आपलं सरकी फुटलेलं रानच डोळ्यासमोर आलं. फरक एवढाच की इथं पांढरं दिसलं म्हणजे तिथला पडदा उपाशी आहे.

आणि ते चिमट्याचं. पडद्यात शुद्ध रक्ताची आणि अशुद्ध रक्ताची नस जिथं एकमेकीवरून जाते तिथं दोघींवर मिळून एकच वेष्टण असतं. समजा, एकाच नळकांड्यातून कडक पीव्हीसी आणि मऊ लपेटा पाईप दोन्ही नेलेत. पीव्हीसी आणखी जाड होत गेला तर काय होईल, लपेटा दाबला जाईल, मागं पाणी तुंबेल आणि जिथं मऊ आहे तिथून फुटेल. डोळ्यात अशी नस तुंबली की त्या भागात सगळं रक्त पसरतं, मधल्या जागेला सूज येते, मधली जागा म्हणजे जिथून आपण अक्षरं वाचतो, माणसाचं तोंड ओळखतो ती. हे दुखत नाही. सकाळी उठलं की एका डोळ्यापुढं धूर.

थोरल्या काकूचं हेच झालं होतं दादा. मला आता कळायलंय.

आठव, २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागले होते तेव्हाची गोष्ट. काकू ओसरीत ज्वारी पाखडत बसली होती, डाव्या डोळ्यात भुसकट गेलं म्हणून पदरानं तो डोळा दाबला, आणि म्हणली अगं बाई, मला तर काहीच दिसेना. उजवा डोळा कधी गेला हे तिला माहीतच नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं ओढून नेतो, बैलजोडीतला एक बैल लंगडत असला तरी औत चालतं तसं. मग तालुक्याला कुणीतरी बॅटरीनं बघून मोतीबिंदू सांगितला, पिकू द्या म्हणले, आणि आपण दोन महिने पिकू दिला. शेवटी मोठ्या दवाखान्यात बाहुली मोठी करून बघितली तेव्हा म्हणले नस बंद झालीय, जुनी केस आहे. त्या दिवशी काकूचं बीपी १९० च्या वर होतं, आणि त्याच्या आधी तिच्या दंडाला पट्टा कधी लागलाच नव्हता. डोळ्यात इंजेक्शनं दिली, नजर थोडी आली, अर्धीमुर्धी. ही इंजेक्शनं सूज उतरवतात, चांगली असतात, पण लवकर दिली तर. ज्यानं बॅटरीनं बघितलं त्याचा मला अजून राग आहे, पण खरं सांगू का, त्याच्यापेक्षा जास्त राग स्वतःचा आहे, मी तेव्हा पुण्यात होतो, गाडी पाठवणं अवघड नव्हतं, आणि मी फोनवर म्हणलो होतो, मोतीबिंदू आहे ना, मग काय घाई.

पिंकी, इथून पुढचं अण्णांना वाचायचं नाही, हे फक्त तुझ्या पप्पासाठी.

दादा, बीपीनं पडद्यावर जे होतं त्याच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी, १९३९ साली. २१९ पेशंट त्यांनी वर्षानुवर्षं बघितले. पहिल्या पायरीवरचे, म्हणजे नुसत्या नसा बारीक झालेले, तीन वर्षांनी शंभरात ७० जिवंत होते. चौथ्या पायरीवरचे, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडं जाणारी मुख्य शीरच सुजलेली असे, शंभरात फक्त ६. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद करून बाहेर चक्कर मारून आलो. पण हेही ऐक, तेव्हा बीपीची धड गोळीच नव्हती, आज आहे आणि स्वस्त आहे, त्यामुळं तो आकडा आजचा नाही. मी सांगतोय ते एवढ्यासाठी की डोळ्यात जे दिसतं ते फक्त डोळ्याचं नसतं, तशाच नसा मेंदूत आणि किडनीत आहेत, तिथं बघायला खिडकी नाही म्हणून दिसत नाही. अण्णांचं वय ६९, दीड महिना गोळी नाही, थंडी सुरू झाली, थंडीत बीपी तसंही चढतं, आणि सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेल्यापासून ते रात्री किती झोपतात ते तुला जास्त माहीत. फोनवर मला म्हणतात सगळं मस्त आहे.

एक सावधगिरी. गोळी परत सुरू करताना अण्णांचा स्वभाव मला माहीत आहे, राहिलेली कसर काढायला एकदम दोन-तीन खातील. तसं होऊ देऊ नको. लई दिवस चढलेलं बीपी एकदम खाली आणलं तर डोळ्याच्या शिरेलाच रक्त कमी पडतं आणि त्यानं नजर जाऊ शकते. डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू. आणि मोजल्यावर १८० च्या वर किंवा खालचं १२० च्या वर आलं, आणि त्यासोबत धूसर दिसतंय, डोकं फुटतंय, छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय असं काही असलं तर सकाळची वाट बघायची नाही. अचानक एका डोळ्यापुढं अंधारी आली तरी तेच, मग ती मिनिटभरात परत गेली तरी. तो डोळ्याचा लकवाच असतो, शुद्ध रक्ताची नस बंद पडली तर आतला पडदा काही तासच तग धरतो, ड्रॉप टाकून घरी बसायचं काम नाही ते.

पिंकी, इथून परत सगळ्यांसाठी.

आता करायचं काय. अण्णांना आणि आईला, दोघांना, डोळ्याचा पडदा दाखवायला घेऊन जा. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात होईल, नाहीतर संभाजीनगरला घाटी दवाखान्यात, आणि जालन्याला गणपती नेत्रालय आहे, तुला जिथं सोयीचं तिथं. पण एक गोष्ट ठासून सांग, पडदा बघायचाय म्हणून सांग. शिबिरात नंबर काढला, मोतीबिंदू बघितला, म्हणजे डोळे तपासले असं नाही होत. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकतात, अर्धा तास बसवतात, मग आत बघतात. नंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, उजेडाचा त्रास होतो, म्हणून अण्णांना गाडी चालवत एकट्यानं पाठवू नको, आणि टोपी किंवा गॉगल घे. मागच्या वेळेस अण्णा म्हणले होते की माझं डोळ्याचं प्रेशर चांगलं निघालं, मग बीपी कसं वाईट असेल. अण्णा, ते वेगळं, हे वेगळं. डोळ्याचं प्रेशर म्हणजे डोळ्याच्या आतल्या पाण्याचं, त्याच्यानं काचबिंदू होतो. बीपी रक्ताचं. एक चांगलं म्हणून दुसरं चांगलं असं काही नसतं.

आईला कामून न्यायचं, तर तिला शुगर आहे. शुगर पडद्याला आतून पोखरते आणि वर बीपी असलं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. इथं इंग्लंडमध्येच शुगरवाल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, १९९८ ला निकाल आला. एका गटाचं बीपी सरासरी १५४/८७ राहिलं, दुसऱ्या गटाचं जास्त लक्ष देऊन १४४/८२ वर आणलं. फरक बघ, वरच्या आकड्यात नुसता दहाचा. तेवढ्यात पडदा बिघडत जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं. आई, तू भात सोडलास, साखर सोडलीस, पण बीपी बघतेस का, नाही बघत.

आता वहिनी रागावतील पण बोलतो. मीठ. दिवसभरात एका माणसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. आपल्याकडं भाजीत मीठ, भाकरीत मीठ, वर ठेचा, वर लोणच्याची फोड, वर पापड, आणि पापडखारात पण सोडियमच असतं, ते मिठात मोजलं जात नाही. सांडगे, कुरडया, खारे शेंगदाणे, फरसाण, धरत गेलं तर दुपारपर्यंतच कोटा संपतो. मी पूर्ण बंद करा म्हणत नाही, धपाट्यासोबत ठेचा नसला तर ते धपाटंच नाही, मला मान्य आहे. पण ताटात वरून मीठ वाढायची वाटी उचलून ठेवा, एवढं करा.

दुसरं, रात्री लाईट येते म्हणून अण्णा दोन वाजता मोटार चालू करायला जातात, सकाळी गुडघे दुखतात, आणि मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी. ती गोळी रोज खाल्ली तर बीपी चढवते आणि किडनीला पण झोडपते. कधीमधी ठीक, रोज नको, आणि डॉक्टरला ही गोळी खातो म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. खोकल्याला ज्येष्ठमध चघळत बसायची सवय आहे ना, ते पण रोज चघळलं तर बीपी वाढवतं, हे मला नवीनच कळलं. तंबाखूबद्दल मी बोलत नाही, त्यावर आई पुरेशी बोलते. नुसतं एक सांगतो, २०१८ ला गुगलच्या लोकांनी कॉम्प्युटरला पडद्याचे लाखो फोटो दाखवून शिकवलं, तर तो नुसत्या फोटोवरून माणसाचं वय, बाई का बुवा, सिगारेट ओढतो का आणि वरचं बीपी अंदाजानं सांगायला लागला. चुना-तंबाखू अजून ओळखत नाही, पण अण्णा, किती दिवस.

गोळीसाठी तालुक्याला जायची गरज नाही, उपकेंद्रात किंवा आपल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ३० वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर फुकट बघतात, गोळ्या पण तिथं मिळतात. दादा, तू पण ४७ चा झालास, तुझं कधी बघितलंस? आणि शेजारचे जे दरवर्षी ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर कारखान्यावर गेले की चार-पाच महिने गोळी नाही, त्यांना निघायच्या आधी जास्तीच्या गोळ्या मागून घ्यायला सांग. परगावी फडातून कोण दवाखान्यात जातंय.

रोज सकाळी एक काम सगळ्यांनी करायचं, फुकट आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून एक डोळा झाकायचा, मग दुसरा. चष्मा असला तर लावून. आकडे दोन्ही डोळ्यांनी सारखे दिसायला पाहिजेत, चौकटीच्या रेघा सरळ दिसायला पाहिजेत. एका डोळ्यानं रेघ वाकडी दिसली, मधे धुरकट दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. काकूला हे कुणी सांगितलं असतं तर, असो.

माझं म्हणाल तर उजव्या डोळ्यातला रक्ताचा डाग तीन महिन्यांनी फोटो काढला तेव्हा गेलेला होता. चिमटे तसेच आहेत, ते जात नाहीत म्हणे, फक्त पुढं वाढू द्यायचे नाहीत. बीपी आता १२८, १३० असं राहतं. बाहेरचं खाणं कमी केलं, ऑफिसला चालत जातो, आणि हो, इथं ब्रेडमध्ये पण भरपूर मीठ असतं म्हणून भाकरी करायला शिकलो. पहिली भाकरी कशी झाली ते विचारू नका.

माझा एक मित्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परळीला त्याच्या घरी येतोय, त्याच्याकडं बीपीचं मशीन पाठवतो, दंडाला बांधायचं, मनगटाचं नाही, मनगटाचं नीट दाखवत नाही. घ्यायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा सदऱ्यावरून नाही तर उघड्या दंडाला. दोनदा घ्यायचं, मधे एक मिनिट सोडून, आणि सोन्याच्या जुन्या वहीत तारीख टाकून लिहायचं. अण्णा घेताना बोलत असतात, बोलायचं नाही. आईनं पण त्या वेळेला त्यांना काही विचारायचं नाही, हे जास्त अवघड आहे मला माहीत आहे.

पण पट्टा दोन मापाचा येतो, २२ ते ३२ सेंटीमीटर आणि ३२ ते ४२. दंडाला लहान पडला तर बीपी उगं जास्त दाखवतो. अण्णांचा हात नांगर धरलेला, मला अंदाज येईना. तर टेलरकडून टेप आणून खांदा आणि कोपराच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोज, अण्णांचा, आईचा आणि तुझा, आणि आकडे मला गुरुवारपर्यंत पाठव, मित्राची बॅग शुक्रवारी भरायची आहे. पिंकीला सांग टेप ढिली धरू नको, घट्ट पण नको.

तुझा,
बाळू

ता. क. वहिनी, मित्र परत येताना तुमच्या हातची शेंगदाण्याची चटणी द्या त्याच्याजवळ. मीठ तुमच्या अंदाजाच्या निम्मं.